परतीचे अप्पा

अप्पांना लग्नाची पत्रिका द्या, नाटकाचा पास द्या, नाहीतर सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला बोलवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सुटणार किती वाजता?" कोण गाणार, काय गाणार, जेवायला पुरणपोळी की श्रीखंड, या गोष्टी त्यांच्या लेखी दुय्यम. कार्यक्रम सुरू किती वाजता होणार हेसुद्धा ते विचारत नाहीत. सुरू काय, कधी ना कधी होतंच. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही त्यांनी देण्याघेण्याचा विषय काढला नव्हता. वरात किती वाजता निघेल एवढंच विचारलं होतं, असं काकू आल्यागेल्याला सांगतात.

हा तुसडेपणा नव्हे. गावच्या ग्रामपंचायती जाऊन १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, त्याच सुमाराला अप्पा नवघर रोडला राहायला आले. महानगरपालिका व्हायला २००२ उजाडायचं होतं. मिठागरांवरचा वारा थेट स्वयंपाकघरात यायचा. जागा परवडली, कारण ती मुंबईत नव्हती. नोकरी मात्र चर्चगेटला. विरार गाडीत भाईंदरचा माणूस चढला तर त्याला भाईंदरला उतरू द्यायचं की वसईची खाडी दाखवून आणायचं, हे डब्यातल्या जनतेच्या मर्जीवर. त्यातून सुखरूप उतरलाच, तर पूर्वेला शेअर रिक्षा चौथी सीट भरेपर्यंत जागची हलायची नाही, आणि रात्री साडेबाराला ती चौथी सीट कुठून यायची?

आणि करमणूक म्हणाल तर ती सगळी परमुलखात. शिवाजी मंदिर दादरला, यशवंत माटुंग्याला, दीनानाथ पार्ल्याला, षण्मुखानंद किंग्ज सर्कलला. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह हे त्यातल्या त्यात उंबऱ्यातलं. रात्रीचा प्रयोग असला की शेवटच्या अंकात नायक-नायिकेचं काय व्हायचं ते होवो, अप्पांच्या डोक्यात गाडीनं लोअर परळ सोडलेलं असायचं. कडेची खुर्ची, दाराच्या जवळची, पायांतली चप्पल न काढता. रंगमंचावर कुणी "तो खुनी दुसरा तिसरा कुणी नसून..." म्हणून दम घेतला की त्या दमात अप्पा आणि त्यांच्यामागे पदर सावरत काकू बाहेर. कितीतरी नाटकांतला खुनी अप्पांना अजून माहीत नाही. गाण्याच्या बाबतीत तर याहून वाईट. भैरवी शेवटाला गातात आणि शेवट अप्पांच्या नशिबी नाही. मोठमोठ्या गवयांना त्यांनी समोर बसून ऐकलं, पण भैरवी जी ऐकली ती कॅसेटवर, घरी, लुंगीवर.

मुंबईत राहणाऱ्याला कार्यक्रम तिकिटाच्या किमतीत पडतो. लाइनच्या टोकाला राहणाऱ्याला त्यावर शेवटच्या अर्ध्या तासाचा कर भरावा लागतो. अप्पांनी तो आयुष्यभर भरला, तक्रार न करता भरला, आणि हळूहळू त्यांना त्या कराचाच अभिमान वाटायला लागला. "कार्यक्रम कुणीही बघतो रे," ते मला म्हणतात, "परत येणं जमलं पाहिजे."

पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या. लोकांना वाटतं ती रसिकता होती. अप्पांच्या मते ती टोकाला राहणाऱ्यांची सोय होती; शेवटची गाडी चुकण्याची भीती नाही, पहाटेची पहिली पकडायची आणि दूध घेऊनच घरात शिरायचं. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची वेस पडली. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत, तीही सरकारनं दिली तर. रसिक हळहळले. अप्पांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात ए. आर. रहमानचा कार्यक्रम दहा वाजून गेले म्हणून पोलिसांनी थांबवला, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्या पोलिसांवर नाराज होता. आमच्या सोसायटीत एकटे अप्पा त्यांच्या बाजूनं. त्यांनी लगेच जागतिक पुरावाही काढला: २०१२ साली लंडनच्या हाइड पार्कात ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात होते, वेळ संपली म्हणून साहेबानं दोघांचाही आवाज बंद केला. "बीटल्समधला माणूस! पण वेळ म्हणजे वेळ." तेव्हापासून लंडन हे अप्पांना आपलं गाव वाटायला लागलं.

त्यामुळे लंडनहून लेकीचा फोन आला, की बाबा, तुम्ही दोघं येताय त्याच महिन्यात शनिवारी ओटू अरीनात आपल्या हिंदी गाण्यांचा मोठा कार्यक्रम आहे, तिकिटं काढू का, तेव्हा अप्पा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी काय विचारलं ते सांगायला नको. लेक म्हणाली, "अकरा वाजतील." अप्पांनी चष्मा लावला.

लेक राहते डॉलिस हिलला. १९३२ सालापासूनचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ ते तिथंच, त्यामुळे गणपतीला मोदकांची ददात नाही. काकूंचं म्हणणं होतं की एकदाच जायचं तर रॉयल अल्बर्ट हॉलला जाऊ. १९७४ साली लता मंगेशकर तिथं गायल्या, दिलीपकुमारांनी त्यांची ओळख करून दिली, त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड काकूंच्या माहेरी होती आणि ती वाजवताना कुणी भांडी घासली तरी काकूंचे वडील ओरडायचे. कार्यक्रम नसला तर नसो, नुसतं बघून येऊ. अप्पांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, वर काच ठेवली, आणि तासाभरानं निकाल दिला: "अल्बर्ट हॉलला गाडी बदलावी लागते." काकू म्हणाल्या, मग बदलू. अप्पा म्हणाले, "जाताना बदलू गं. येताना?" शिवाय स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि हॉल १८७१ सालचा, म्हणजे जिनेही तेव्हाचेच. विषय संपला.

ओटूचं तसं नाही. डॉलिस हिलला ज्युबिली लाइनमध्ये बसायचं आणि नॉर्थ ग्रीनिचला उतरायचं, थेट. ही लाइन पाहून अप्पांचा जीव भरून आला. वेम्ब्लीचा अरीना तर डॉलिस हिलपासून दुसरं स्टेशन, म्हणजे त्याहून सोयीचं. पण तिथं २०१७ साली रहमाननं तमिळ गाणी जास्त म्हटली अशी तक्रार करत काही हिंदीवाले मधूनच उठून गेले होते, ही बातमी अप्पांनी कात्रण करून ठेवलेली होती. इतरांना त्यात भाषेचा वाद दिसला. अप्पांना त्यात दिसलं ते एवढंच की त्या लोकांना परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली असणार.

मग सुरू झाली तयारी. ओटू हा मुळात २००० सालाच्या स्वागताला बांधलेला घुमट. बारा महिन्यांचे बारा पिवळे खांब, ३६५ दिवसांचा ३६५ मीटर व्यास. आत अरीना सुरू झाला २००७ साली, वीस हजार माणसांचा. षण्मुखानंद पावणेतीन हजारांच्या आसपासचा, त्यावरून अप्पांनी हिशेब मांडला: सात षण्मुखानंद एका वेळी सुटणार आणि सगळ्यांना स्टेशन एकच. "गर्दीच्या वेळच्या चार विरार गाड्या," ते गंभीरपणे म्हणाले, "आणि चारही नॉर्थ ग्रीनिचला."

योजनेचा कागद मी पाहिला आहे. फुलस्केप, समास सोडलेला. जाण्याच्या चार ओळी निळ्या शाईत. परतीची तीन पानं लाल शाईत. पर्याय पहिला, गाडी. पर्याय दुसरा, टेम्स नदीतली बोट, तिचा धक्का घुमटाला लागूनच. तिसरा, नदीवरून जाणारी केबल कार. यावर काट मारून बाजूला लिहिलं होतं, 'हिला चक्कर येते'. हिला म्हणजे काकूंना. काकू माथेरानला घोड्यावर बसून सगळ्यांच्या पुढे गेल्या होत्या आणि अप्पा त्या घोड्याचा लगाम धरणाऱ्याचा हात धरून चालत होते, हे सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. चौथा पर्याय रात्रीची बस. पाचव्या पर्यायापुढे फक्त 'चालत' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं.

त्यात लेकीनं कळवलं की ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेरचं खाणंपिणंही नाही. खाण्याचं काकूंनी ऐकून सोडून दिलं. धपाटी निघण्याआधी खायची, त्यात काय. पिशवीचं मात्र अप्पांनी मनावर घेतलं. नवघर नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी एक कोरा ए-फोर कागद आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि भाईंदर पूर्वेतली बॅगांची दुकानं पालथी घातली. दुकानदारानं बॅग काढली की अप्पा तिच्यावर पुठ्ठा ठेवायचे, डोळा बारीक करून चारही बाजू बघायचे, आणि चेन एक बोट बाहेर आली तर मान हलवायचे. तिसऱ्या दुकानातला मारवाडी शेवटी म्हणाला, "काका, बॅग घ्यायचीय की झेरॉक्स काढायचीय?" अप्पांनी त्याला समजावलं की लंडनचा दरवान असाच मोजणार. दुकानदारानं विचारलं, "तुम्ही तिकडे बॅगेत नेणार काय?" अप्पा थांबले. खाणं नाही, पाण्याची बाटली नाही, पैसे न्यावेत तर आत रोकड चालत नाही, कार्डच लागतं. बराच विचार करून ते म्हणाले, "मफलर." बॅग घेतली. घरी येऊन मोजली तर ए-फोरपेक्षा एक सेंटिमीटरनं लहान निघाली. तो दिवस अप्पांचा चांगला गेला.

लंडनला पोचल्यावर त्यांनी रंगीत तालीम घेतली. कार्यक्रम शनिवारी, तर गुरुवारी दोघं कार्यक्रमाशिवाय ओटूला जाऊन परत आले. या तालमीचा वृत्तांत काकूंकडून कळला, म्हणून तो विश्वसनीय आहे. अप्पांना पहिला धक्का बसला तिकिटाचा. तिकीट नाही, कूपन नाही, पास नाही. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. प्रवासभर अप्पांचा हात खिशातल्या न काढलेल्या तिकिटावर होता. दुसरा धक्का नॉर्थ ग्रीनिचला. तिथं फलाटाला काचेची भिंत आणि त्या भिंतीला दारं. गाडी येते, तिचं दार बरोब्बर काचेच्या दारासमोर थांबतं, मग दोन्ही उघडतात. अप्पा त्या काचेसमोर उभेच राहिले. चर्चगेटच्या कुठल्या फलाटावर कुठल्या खांबाशी उभं राहिलं की दुसऱ्या वर्गाच्या तिसऱ्या डब्याचं दार नाकासमोर येतं, ही विद्या त्यांनी नोकरीची सगळी वर्षं घासून मिळवली होती, आणि इथं ती कुणीही यावं, कुणीही घ्यावी, अशी काचेत करून ठेवलेली. "चालत्या गाडीत चढायची सोयच नाही," ते काकूंना म्हणाले. काकूंच्या मते आवाज किंचित कापत होता.

खरा घाव मात्र शुक्रवारी रात्री जेवताना पडला. अप्पा जावईबापूंना योजना वाचून दाखवत होते: दहा चाळीसला उठायचं, दहा पन्नासला दार, अकराला फलाट, कारण शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर लगेचच. जावईबापू गुणी मुलगा आहे, त्यानं आधी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही आठवड्यातल्या दिवसांचं वेळापत्रक बघताय. शुक्रवारी आणि शनिवारी ज्युबिली लाइन रात्रभर चालू असते."

"रात्रभर म्हणजे?"

"म्हणजे रात्रभर. दर दहा-एक मिनिटांनी. २०१६ पासून."

"आणि शेवटची गाडी?"

"शनिवारी शेवटची गाडीच नसते, बाबा."

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या वर्षांत कुणी त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. शेवटची गाडीच नाही, तर उठायचं केव्हा? माणसाला कळायचं कसं, की आता पुरे? तीन पानं लाल शाई एका वाक्यात वाया गेली. त्या रात्री अप्पा झोपले नाहीत. पहाटे काकूंनी पाहिलं तर ते बैठकीच्या खोलीत दिवा लावून बसलेले, आणि कागदावर सहावा पर्याय लिहीत होते: 'संप झाल्यास'.

शनिवारी दोघं वेळेच्या दीड तास आधी पोचले. दरवानानं बॅगेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अप्पांनी ती आपणहून पुढे केली, तरी पाहिलं नाही. जागा वरच्या मजल्यावर, जिथं पायऱ्या इतक्या उभ्या की खाली बघताना पुढच्याच्या टकलाचा आधार वाटतो. खुर्च्या अर्थात कडेच्या. कार्यक्रम झकास चालला होता, वीस हजार माणसं मोबाइलचे दिवे हलवत होती, आणि दहा चाळीसला अप्पांच्या मनात काहीही नसताना त्यांचे पाय उभे राहिले. सवयच ती. काकूंचं कोपर पकडून ते म्हणाले, "चल, गर्दी व्हायच्या आत."

काकू हलल्या नाहीत.

"अगं चल."

"रात्रभर गाड्या आहेत ना?" काकू म्हणाल्या. "मग मी रात्रभर बसणार. तुम्ही जा. पर्याय पाचवा."

मागच्या रांगेतल्या पंजाबी पोरानं "अंकल, बैठ जाओ" म्हटलं आणि अप्पा बसले. शेवटचं गाणं झालं. लोकांनी ओरडून आणखी एक मागितलं, तेही झालं. कार्यक्रम संपल्यावर दिवे लागतात, गायक वाकून नमस्कार करतो, वादकांची नावं घेतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, हा सगळा मजकूर अप्पांना नवीन होता. "एवढं सगळं असतं?" त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी टाळ्या थांबवल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातला पहिला पूर्ण कार्यक्रम त्या ऐकत होत्या.

बाहेर सात षण्मुखानंद एकदम सुटले. स्टेशनच्या तोंडाशी माणसं टप्प्याटप्प्यानं सोडत होते आणि अख्खी गर्दी, अप्पांच्या शब्दांत, 'लाज वाटेल इतकी शहाणी' रांगेत उभी होती. धक्का नाही, शिवी नाही, "आगे चलो" नाही. इथं अप्पा पुन्हा अप्पा झाले. त्यांनी रांगेतल्या दोन गुजराती कुटुंबांना आणि नॉटिंगहॅमहून आलेल्या एका मराठी जोडप्याला सरकत्या जिन्याच्या कुठल्या अंगाला धरायचं, फलाटाच्या कुठल्या टोकाला गर्दी कमी असते, हे गुरुवारच्या अनुभवावरून सांगितलं. सगळ्यांना बसायला जागा मिळाली. जोडप्यातल्या मुलीनं वाकून नमस्कार केला. गायकानंही केला होता, पण तो वीस हजारांना मिळून.

परत आल्यापासून नवघर रोडला या कार्यक्रमाच्या दोन आवृत्त्या चालू आहेत. काकूंना विचारा, त्या गाणी सांगतात. कुठलं कितव्या क्रमांकाला, कुठल्या कडव्याला आवाज लागला, शेवटी ढोलकीवाल्यानं काय मजा केली. अप्पांना विचारा, "कसा झाला?", तर ते म्हणतात, "उत्तम. अकरा बेचाळीसची मिळाली. बसून."

आता त्यांच्याकडे लोक सल्ल्याला येतात. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले तेव्हा बी विंगमधल्या पोरांना तिकिटं मिळाली होती. त्यांना नेरूळहून नवघरला रात्री परत कसं यायचं ते अप्पांनी दोन पानांत लिहून दिलं. पोरं बँड सोडून अप्पांचं कौतुक करत आली.

काकूंची आवृत्ती मात्र पुढे सरकली आहे. आपल्याच महापालिकेनं दहिसर चेकनाक्याजवळ महाजनवाडीत लता मंगेशकरांच्या नावानं नाट्यगृह बांधलं आहे. इतके दिवस अप्पा तिथं गेले नव्हते. त्यांचा आक्षेप असा की तिथून परतीची गाडीच नाही, नुसती रिक्षा, आणि रिक्षाला वेळापत्रक नसतं. गेल्या आठवड्यात काकूंनी कुणाला न विचारता पुढच्या रविवारच्या नाटकाची दोन तिकिटं काढून आणली. रहस्यनाट्य आहे. खुर्च्या रांगेच्या बरोब्बर मध्यावर, उठायचं तर दोन्हीकडून दहा-बारा जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागेल अशा.

अप्पांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली, काही बोलले नाहीत. परवा सकाळी ते रिक्षा करून महाजनवाडीला जाऊन आले. मधल्या रांगेच्या पाठीमागे एखादं दार आहे का, ते बघायला.